हेलिकॉप्टर आणि काळी टोपी

"हलू नका," निमोणकर सर म्हणाले आणि स्वतःच हलले. तिपाईवरच्या कॅमेऱ्यापासून निघून ते समोरच्या चुन्याच्या भिंतीशी गेले, जमिनीवर खडूने मारलेल्या फुलीवर पाय जुळवून उभे राहिले आणि डोक्यावरची काळी टोपी नीट केली.

"दाब बटण, इक्बाल. कॅमेऱ्याला मात्र हात लावू नकोस. मी बरोबर जागेवर आहे."

इक्बालने बटण दाबलं. सरांनी त्यांच्याच नाटकातल्या म्हाताऱ्या राजाचं स्वगत सुरू केलं. बाजूला पाटावर बसून त्यांचे जावई शरदराव अनारसे खात होते. राजाचं राज्य जात होतं आणि अनारशांचा ढीग उतरत होता. दोन्ही गोष्टी साधारण एकाच वेगाने चालल्या होत्या.

हे बार्शीतलं, अठ्ठ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यातलं. धोंड्याचा महिना होता. चंद्र आणि सूर्य यांचा मेळ बसावा म्हणून पंचांगात हा जास्तीचा महिना घालतात, असं जाणकार सांगतात. आमच्याकडे तो जावयांसाठी घातलेला आहे. या महिन्यात जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे आणि अनारसे खाऊ घालायचे, वर काहीतरी भारी वाण द्यायचं. शरदराव त्यासाठीच आले होते. सरांची मुलगी कुमुदताई चैत्रापासूनच माहेरी होती. माहेरपण जरा लांबलंय, असं गल्लीतल्या बायका म्हणत, पण मोठ्याने नाही.

निमोणकर सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे आणि नाटकं बसवायचे. रसायनशास्त्र पोटासाठी आणि नाटक जिवासाठी, असं ते म्हणत. आमच्यासाठी ते जिवासाठीच होते. सरांनी सांगितलं असतं की उद्यापासून उलटे चाला, तर आम्ही फक्त विचारलं असतं, कोणत्या पायाने सुरुवात करू. नटाने उभं कुठे राहायचं, तिथे खडूने फुली मारायची ही त्यांची सवय. माणसाला आपली जागा माहीत असली की निम्मा अभिनय झाला, हा त्यांचा सिद्धान्त.

त्या वर्षी आम्हाला नाटक सोडून सिनेमा करायचा होता. पुण्यात कॉलेजच्या मुलांसाठी लघुपटांची स्पर्धा होती, गणपती झाल्यावर. कथा माझी होती, दिग्दर्शनही माझं, कारण दुसऱ्या कुणाला करू देणार नाही असं मी आधीच जाहीर केलं होतं. गोष्ट साधी होती. दुष्काळ बघायला मंत्री हेलिकॉप्टरने येणार म्हणून एक गाव दिवसभर मैदानात आकाशाकडे बघत बसतं. शाळेची पोरं हार घेऊन उभी. हार सुकतात, पोरं पेंगतात, हेलिकॉप्टर येत नाही. शेवटी पडदाभर नुसतं आकाश. नाव, 'रिकामं आकाश'. त्या वयात मला वाटायचं, हे आकाश बघून निदान पुणं तरी हादरेल.

पैसे होते ते गावोगावच्या जत्रांत सरांचं नाटक करून जमवलेले. त्यात नवा कॅमेरा येत नव्हता. मग तिथपर्यंत पोचायचे जेवढे रस्ते होते, तेवढे आम्ही चालून पाहिले. इक्बाल बागवान आमचा कॅमेरामन. म्हणजे त्याच्याकडे फोटोचा कॅमेरा होता आणि तो इतरांना हात लावू द्यायचा नाही. त्याचे मामा बहारीनला. ते लहानसा नवा कोरा कॅमेरा आणायला तयार होते, पण येणार दिवाळीला. तोपर्यंत स्पर्धा होऊन जाणार. गावातल्या व्हिडिओवाल्याकडे भाड्याने मिळत होता, पण तो सोबत आपला माणूस पाठवणार. त्या माणसाला आम्ही भेटलो. त्याने कथा शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, की शेवटी गुलाबाचं फूल उमलवून त्यात मंत्र्याचा फोटो घालू का.

राहता राहिला शरदरावांचा. लग्नांचं शूटिंग हा त्यांचा धंदा, त्यासाठी सासऱ्यांनीच लग्नात घेऊन दिलेला. जुन्या पद्धतीचा होता. कॅमेरा एकाच्या खांद्यावर, रेकॉर्डरची पेटी दुसऱ्याच्या, मधे जाड वायर. दोघांनी सप्तपदी चालल्यासारखं बरोबर चालायचं. धोंड्याच्या महिन्यात लग्नं नसतात, कॅमेरा नुसता बसून आहे, म्हणून स्वस्तात विकतोय, असं शरदराव म्हणाले. मात्र सरांनी आम्हाला आत बोलावून स्पष्ट सांगितलं होतं, "हा कॅमेरा घेऊ नका."

आम्ही कारण विचारलं.

"माझ्या जावयाचा आहे. उद्या काही झालं तर माझं नाव. थांबा दिवाळीपर्यंत. स्पर्धा काय, पुढच्या वर्षीही असेल."

पुढच्या वर्षी आमच्यातले निम्मे कॉलेजात नसणार होते. सर असं म्हणाले आणि आमचा निर्णय झाला. नको म्हणणाऱ्या माणसाकडून घेतलेली वस्तू आपण फसून घेतली असं कुणाला वाटेल? उलट आम्हीच त्यांना गळ घातली. शेवटी ते नाइलाजाने म्हणाले, बरं, पण आधी चालवून बघा, डोळे झाकून घेऊ नका.

म्हणून ही चाचणी. सर स्वतः उभे राहिले, स्वतः तिपाई लावली, स्वतः फुली मारली. टोपी बघून मी हळूच इक्बालला कोपर मारलं होतं. सरांचे केस दाट, कुरळे आणि त्यांचे लाडके. टोपीत त्यांना कुणी कधी पाहिलं नव्हतं. ते लक्षात येऊन सरच म्हणाले, सकाळी वाण दिलं, पूजा होती, तशीच राहिली डोक्यावर.

स्वगत संपलं. शेवटच्या शब्दावर सरांनी नाकापर्यंत हात नेला, खडूची भुकटी नाकात गेली आणि त्यांना अशी शिंक आली की ते कमरेतून वाकले. शरदरावांच्या ताटलीतला अनारसा उडाला. आम्ही हसलो, स्वयंपाकघरातून निमोणकरकाकू हसल्या. सर झटकन सरळ झाले आणि "बंद कर, बंद कर" म्हणाले.

मग टीव्हीला वायर जोडून आम्ही ते पाहिलं. टीव्हीत आपले सर, रंगीत. भिंत पांढरीशुभ्र, चेहरा स्वच्छ, टोपीचा काळा रंगही कसा गडद. स्वगताचा शेवटचा शब्द उच्चारला गेला आणि सरांनी टीव्ही बंद केला. "माझी शिंक काय बघायची? दिसला ना कॅमेरा?"

दिसला. आम्ही घेतला.

निघताना सरांनी मला थांबवलं. त्यांनी माझी संहिता वाचली होती, लाल शाईने पहिली ओळ खोडून. "सगळं चांगलं आहे, वामन, फक्त सुरुवात कच्ची आहे. लाउडस्पीकरने काय सुरुवात करतोस? सूर्योदयाने कर. पोरं हार घेऊन येतायत आणि मागे लालबुंद सूर्य. भव्य वाटेल."

मला ते इतकं पटलं की आपल्याला आधी कसं सुचलं नाही, याची लाज वाटली. घरी आईने एवढंच विचारलं, धोंड्याच्या महिन्यात कुणी खरेदी करतं का? मी तिला अंधश्रद्धेवर छोटंसं भाषण दिलं.

कॅमेरा सरांनी स्वतःकडेच ठेवला. कॉलेजला सुट्टी, कुठे ठेवणार, मी बॅटऱ्या चार्ज करून देतो म्हणाले. जवळच्याच धामणवाडी गावात शूटिंग होतं, त्या दिवशी पहाटे स्टँडवर तो आम्हाला आणून दिला आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

पहिला शॉट सूर्योदयाचा. इक्बाल पेटी सांभाळत होता. त्या शॉटला मात्र कॅमेरा मीच खांद्यावर घेतला. भव्य गोष्ट दुसऱ्याच्या हातून कशी होऊ द्यायची? टेकडीमागून सूर्य आला, पोरं आली, हार आले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते कलेमुळे, असं मी समजलो. दिवसभर आकाशाचे शॉट घेतले. कॅमेऱ्याच्या भिंगातून बघायला मिळायचं ते पोस्टाच्या तिकिटाएवढं, काळंपांढरं. इक्बालने दोनतीनदा धोतराच्या फडक्याने काच पुसली आणि पुन्हा पुसली. म्हणाला, धूळ बसलीय कुठंतरी, जात नाही.

दुसऱ्या दिवशी सरांच्या घरी सगळे टीव्हीपुढे बसलो. सूर्योदय झाला, पडदा अजून काळपटच. पोरं आली. आणि मग आकाश आलं, आणि त्या रिकाम्या आकाशात, मधोमध, जरा वरच्या अंगाला, एक हिरवट काळा डाग होता. टरबुजाच्या बीएवढा. गाव वर बघत होतं आणि वर ते होतं. पुढच्या शॉटमध्ये शाळेची भिंत, त्यावरही ते होतं. हेडमास्तरांच्या पांढऱ्या सदऱ्यावर होतं. पाणी प्यायला वाकलेल्या म्हातारीच्या मागेही होतं. मंत्र्यांचं हेलिकॉप्टर अखेर आलं होतं, आणि जायला तयार नव्हतं.

 सरांनी पडद्याकडे नीट पाहिलं. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "कॅमेरा सूर्याकडे कुणी धरला होता?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी," मी म्हणालो.

मग सरांनी समजावून सांगितलं, की या जुन्या कॅमेऱ्यात काचेची नळी असते, तिच्यावर थेट ऊन पडलं की ती भाजते, आणि तो डाग जन्मभर राहतो. रसायनशास्त्राच्या तासासारखं शांतपणे सांगितलं. सूर्योदयाचा सूर्य कोवळा असतो, पण ही नळी त्याहून कोवळी. मी रडायला लागलो. सर उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "कुणी याला बोलायचं नाही. चूक कुणाच्याही हातून होते. मी याला माफ केलंय. तुम्हीही करा."

सगळ्यांनी मला माफ केलं.

पुण्याला आम्ही तो सिनेमा पाठवला. पुन्हा करायला ना पैसे होते ना पोरांच्या सुट्ट्या. आम्ही जाऊन बसलो. परीक्षकांपैकी एक बाई होत्या, खूप सभ्य. त्यांनी माईकवर विचारलं, की सुरुवातीलाच हेलिकॉप्टर आलेलं दिसतं, मग गाव दिवसभर वाट कुणाची बघतं? सभागृह हसलं. पुणं हादरेल अशी माझी अपेक्षा होती, ती त्या अर्थी पुरी झाली.

त्यानंतर मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. लोक बोलावत होते, दूरदर्शनवर एक ओळखीचा होता, तोही म्हणाला ये. मी म्हणायचो, माझा हात भाजका आहे. मग लिहायला लागलो, खिल्ली उडवायला लागलो. लेखणी सूर्याकडे धरली तरी काही होत नाही. उलट लोक पैसे देतात. पुढे माझ्या सदराला लोक हसू लागले, आणि सभेत कुणी विचारलं की तुम्ही या वाटेला कसे आलात, तर मी हीच गोष्ट सांगायचो. सरही सांगायचे. प्रत्येक संमेलनात, प्रत्येक समारंभात: आमच्या वामनने सूर्यावर नेम धरला. दर गुरुपौर्णिमेला मी पेढे घेऊन त्यांच्याकडे जात होतो. शिकवलं म्हणून जाणारे पुष्कळ होते. मला माफ केलं म्हणून मी जायचो.

सर पंच्याहत्तर वर्षांचे झाले तेव्हा कॉलेजने त्यांचा सत्कार ठरवला. संध्याकाळी कार्यक्रम, सत्कार माझ्या हस्ते. मी सकाळीच बार्शीला पोचलो आणि इक्बालच्या दुकानात गेलो. त्याचं आता स्टुडिओचं दुकान आहे, लोकांच्या लग्नाच्या जुन्या टेप डीव्हीडीवर उतरवून देतो. त्याच्या मते न टिकलेल्या लग्नांच्या टेप जास्त चांगल्या राहिल्यात, कारण कुणी त्या बघितल्याच नाहीत. कॉलेजने भंगारात काढलेलं आमचं सामान त्यानेच आणून ठेवलं होतं. कार्यक्रमात दाखवायला सरांचं काही जुनं चित्रण हवं होतं, म्हणून त्याने चाचणीची ती टेप शोधली होती.

त्याने चहा मागवला नाही. नेहमी आधी चहा असायचा.

"बस," म्हणाला. "आणि शेवटपर्यंत बघ."

टीव्हीत सर आले. पन्नाशीचे, ताठ, काळी टोपी. राजाचं राज्य गेलं. शेवटचा शब्द झाला. हात नाकाशी गेला, शिंक आली आणि सर वाकले. आम्ही हसल्याचा आवाज आला, त्यात माझाही होता, सगळ्यात मोठा.

सर वाकले आणि त्यांच्यामागची पांढरी भिंत दिसली. भिंतीवर, जिथे क्षणापूर्वी टोपी होती, तिथे टरबुजाच्या बीएवढा हिरवट काळा डाग होता. वाकलेल्या सरांबरोबर तो वाकला नाही. तो तिथेच लोंबकळत राहिला. मग सर सरळ झाले, फुलीवर नीट उभे राहिले आणि डाग टोपीत गेला.

इक्बालने टेप मागे घेतली, पुन्हा लावली आणि तिथेच थांबवली. भिंतीवरचा डाग थरथरत राहिला.

"हे सूर्योदयाच्या आधीचं आहे, वामन्या," तो म्हणाला.

 मला टोपीचं फारसं काही वाटलं नाही. फुलीचंही नाही. घेऊ नका म्हणून त्यांनी आम्हाला घ्यायला लावलं, त्याला तर एक लेखक म्हणून मी दाद दिली असती. मला लाउडस्पीकर आठवत होता. माझी सुरुवात लाउडस्पीकरची होती. लाल शाईने खोडून सूर्योदय कुणी घातला, ते मला त्या दुकानात पहिल्यांदा आठवलं.

इक्बाल म्हणाला, संध्याकाळी ही क्लिप लावू. सगळ्यांना बघू दे. मी नको म्हणालो. म्हातारा माणूस, कुमुदताई समोर बसणार. शिवाय, मी म्हणालो, त्याला स्वतःहून सांगायची एक संधी देऊ. इक्बाल म्हणाला, तू अजून माफीच्याच मागे आहेस, फक्त आता वाटायला निघालायस. तरी तो क्लिप न लावायला तयार झाला. जाताना मी बाजारातून एक काळी टोपी घेतली.

सभागृह भरलं होतं. कुमुदताईंनी दिव्यांचं ताट सजवलं होतं. त्या शेवटी सासरी गेल्या होत्या, आणि दिसत होतं की त्या तिथे सुखात राहिल्या होत्या. शरदराव, आता डोक्याने पूर्ण टकले, पहिल्या रांगेपुढे छोटासा नवा कॅमेरा घेऊन शूटिंग करत होते. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी मी वर्गातून खडू मागवला आणि व्यासपीठाच्या मधोमध, पांढऱ्या पडद्यापुढे, एक फुली मारली. संयोजकांना वाटलं, सरांच्या जुन्या सवयीची गोड आठवण. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

शाल झाली, नारळ झाला. फेटेवाला पुढे आला, त्याला मी हाताने थांबवलं. सरांना दंडाला धरून फुलीवर आणलं. पिशवीतून टोपी काढली, त्यांच्या विरळ पांढऱ्या केसांवर ठेवली आणि जरा डावीकडे केली.

"बरोबर जागेवर आहात, सर," मी म्हणालो. "हलू नका."

 फोटोवाले पुढे सरकले. सरांनी फोटोसाठी हसू धरलं आणि ओठ फारसे न हलवता, शेजाऱ्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात विचारलं, नाटकवाल्यांना ते जमतं, "शिंक राहिली होती का टेपवर?"

"राहिली होती."

फोटो निघत होते. "धोंड्याचा महिना होता रे," सर म्हणाले. "कुमुद घरी बसली होती. शरदरावांना हा विकून नवा कॅमेरा मिळाल्याशिवाय ते तिला नेणार नव्हते."

"ते समजतं, सर. सूर्योदय कशाला सांगितलात?"

त्यांनी कॅमेऱ्यांकडे बघून मान थोडी उचलली.

"कुणाच्या तरी हातून व्हायला हवं होतं ना," ते म्हणाले.

तेवढ्यात निवेदकाने त्यांना मनोगतासाठी बोलावलं. टोपी तशीच ठेवून सर माईकपाशी गेले. मी खुर्चीवर बसलो. इक्बाल मागच्या दाराशी हाताची घडी घालून उभा होता. सर छान बोलले. कॉलेजबद्दल, काकूंबद्दल, जत्रांमधल्या नाटकांबद्दल. मग ते माझ्याकडे वळले, थांबले. माईकवर त्यांचा श्वास ऐकू आला. मी खुर्चीच्या कडेला आलो. मागे इक्बालने हाताची घडी सोडली.

"आणि हा वामन," सर म्हणाले. "मोठा झाला, तुम्हाला सगळ्यांना हसवतो. पण एकदा यानेच आमच्या नव्या कॅमेऱ्याने थेट सूर्यावर नेम धरला होता."

सभागृह हसायला लागलं. ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती, पण सरांच्या तोंडून ऐकायची मजाच वेगळी.

"कॅमेरा जळला. पण मी त्याला एका शब्दाने बोललो नाही," सर म्हणाले. "माफ केलं. आज वाटतं, बरं केलं. नाहीतर एवढा चांगला लेखक मिळाला नसता."

टाळ्या झाल्या. माझ्या शेजारच्या प्राचार्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मीही टाळ्या वाजवल्या. दाराशी इक्बाल आता नव्हता.

सरांनी हात जोडले आणि सभागृहाला नमस्कार करायला कमरेतून वाकले. खाली, पार खाली. सवयीने माझी नजर त्यांच्या डोक्यामागच्या पडद्यावर गेली.

पडदा पांढरा होता. त्यावर काहीही नव्हतं.